रिपोर्ट नॉर्मल, मग गोळ्या कशाला?

फोंड्याहून आलेल्या आईने फाईल टेबलावर ठेवली. "ईईजी नॉर्मल आलाय. आता गोळ्या बंद करू ना?" मुलगी चौदा वर्षांची. दोन महिन्यांत फिटचे दोन झटके, दोन्ही पहाटे झोपेत. आजीचं मत, "पोर नाटकं करते."

"ताई, मशीन किती वेळ लावलं होतं?" मी विचारलं.

"अर्धा तास."

"आणि झटका?"

"त्याच्या बारा दिवस आधी."

ईईजी मेंदूतली वीज टिपतो, पण डोक्यावर तारा असतील तेवढाच वेळ. दोन झटक्यांच्या मधेही काही खुणा उमटतात. मात्र अपस्मार (फिट येण्याचा आजार) असलेल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पहिल्या तपासणीत त्या सापडत नाहीत. गोळ्या डॉक्टरांना न विचारता अचानक सोडल्या, तर लांबलेला, न थांबणारा झटका येऊ शकतो.

तपासणीच्या दिवशी मुलगी रात्रभर छान झोपून, केसांना खोबरेल चोपडून गेली होती. तेलामुळे इलेक्ट्रोड (तारांची टोकं) त्वचेला नीट चिकटत नाहीत, आलेखात खरखर भरते. झोपेतल्या झटक्यांच्या खुणा तर बरेचदा झोपेतच दिसतात. म्हणून डॉक्टरांना अपुऱ्या झोपेनंतरच्या ईईजीबद्दल विचारायला सांगितलं. आदल्या रात्री शाम्पू. तेल, कंडिशनर, वेणी काही नाही. किती जागायचं ते डॉक्टर सांगतील. सकाळी नाश्ता करायचा, गोळी नेहमीच्या वेळी. आणि बांबोळीच्या हॉस्पिटलला जाताना बसमध्ये डुलकी काढू द्यायची नाही! तिथे तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतात, मग झोपू देतात.

डॉक्टरला बरेचदा आलेखाहून जास्त उपयोगी पडतो तो झटक्याचा मोबाईलवरचा व्हिडिओ. पण लोक घाबरून फक्त चेहरा काढतात. पांघरूण बाजूला करून दोन्ही हातपाय दिसू द्यावेत. कुठला हात आधी आखडला, डोळे उघडे की मिटलेले, हे त्यातच कळतं. दुसऱ्याने मुलीला कुशीवर वळवायचं. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा नको. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८.

नाटकाचं म्हणाल, तर दोन्ही वेळा जीभ चावली होती, अंथरूण ओलं झालं होतं. (ईईजीत न दिसणारे, मानसिक ताणातून येणारे झटकेही असतात, तेही नाटक नसतं.)

मुलगी आजीजवळच झोपते. घड्याळ बघायचं काम आजीला दिलं.