स्तनाच्या कर्करोगानंतर लेट्रोझोलने सांधे दुखतात, हाडंही विरळ झालीत. गोळी बंद केली तर चालेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की म्हापशाला राहता, वय 57, ऑपरेशन आणि रेडिएशन झाल्यावर आठ महिने लेट्रोझोल चालू आहे. सकाळी बोटं वळत नाहीत. डेक्सामध्ये, म्हणजे हाडाची घनता मोजणाऱ्या तपासणीत, कण्याचा टी-स्कोअर उणे 2.1 आला, डॉक्टरांनी हाड टिकवायला झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन सांगितलंय, आणि जबड्याचं हाड खराब होतं असं वाचून तुमची झोप उडालीय.

गोळी बंद करू नका. निदान डॉक्टरांना अंधारात ठेवून तरी नकोच. मी ती लबाडी करून बसलेय, म्हणून सांगते.

मी फोंड्याजवळची. मराठी प्राथमिक शाळेत आयुष्य गेलं. गाठ इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनवर पोसणारी होती, तुमच्यासारखीच, आणि पाच वर्षं गोळी सांगितली होती. पहिल्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी नेवऱ्या करायला बसले. पुरी लाटली, चून भरलं, आणि कडेला मुरड घालायला अंगठा आणि तर्जनी जवळच येईनात. उजव्या हाताची अनामिका वळली ती तशीच अडकली, दुसऱ्या हाताने ओढून सरळ केली तेव्हा टक्‌ असा आवाज झाला. जाऊबाई म्हणाल्या, ‘राहू दे, साच्यात घालूया.’ तीस वर्षं आमच्या घरातली मुरड माझी. त्या रात्री गोळी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अशी तीन आठवडे, आणि तपासणीला गेले तेव्हा ‘हो, नियमित घेते’ म्हणून आले.

बोटं खरंच जरा मोकळी झाली. मला वाटलं, चला, हाडंही वाचली. इथेच माझं चुकलं होतं, आणि तुमच्या प्रश्नातही तीच गल्लत दिसते. सांधे दुखणं आणि हाड विरळ होणं हे दोन्ही त्या एकाच गोळीमुळे होतं, पण दुखणी दोन आहेत. दुखतात ते सांधे, त्यांच्याभोवतालचे स्नायुबंध. हाड झिजताना अजिबात दुखत नाही. ते मोडतं तेव्हाच कळतं. त्यामुळे बोटं बरी वाटतायत म्हणून हाड बरं आहे असं नाही, आणि बोटं आखडली म्हणून हाड गेलं असंही नाही.

पाळी गेल्यावर अंडाशयाचं इस्ट्रोजेन संपतं, पण चरबीत, स्नायूंत अरोमाटेज नावाचं एन्झाइम दुसऱ्या हार्मोनपासून थोडं थोडं तयार करतच असतं. आपल्यासारख्या गाठीला तेवढंही पुरतं. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या तिन्ही गोळ्या त्या एन्झाइमलाच अडवतात. अडचण अशी की जुनं हाड कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालायलाही तेच इस्ट्रोजेन लागतं. टॅमॉक्सिफेन या दुसऱ्या गोळीचं तसं नाही, पाळी गेलेल्या बाईच्या हाडाला ती उलट थोडा आधार देते. मग तीच का नको, असं मीही विचारलं होतं. तिच्यात रक्ताची गुठळी होण्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका असतो. ते तोलायचं काम डॉक्टरांचं.

माझं हाड मोडलं ते गोळी परत सुरू केल्यावर, दुसऱ्या पावसाळ्यात. तुळशीला पाणी घालून मागच्या चिऱ्याच्या पायऱ्या चढत होते, शेवाळावर सपाता सरकली, हात टेकला. एवढंच. मनगट गेलं. हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालताना विचारलं, ‘डेक्सा कधी केला होता?’ केलाच नव्हता. गोळी सुरू करताना तो करून ठेवायचा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि हा राग माझा अजून गेलेला नाही. केला तेव्हा कण्याचा आकडा उणे 2.6 आला. उणे 1 पर्यंत ठीक, उणे 1 ते उणे 2.5 मध्ये हाड विरळ, आणि उणे 2.5 पासून खाली ऑस्टिओपोरोसिस. तुमचा उणे 2.1 अजून मधल्या पट्ट्यात आहे, पण ही गोळी चालू असलेल्या बाईला उणे 2 च्या खाली गेलं की औषध सुरू करा असा सल्ला तज्ज्ञांच्या मार्गदर्शनात आहे. तुमचे डॉक्टर घाई करत नाहीयेत. तुमचा तपास वेळेवर झाला, हे नशीब समजा.

आता त्या इंजेक्शनचं. सहा महिन्यांतून एकदा 4 मिलिग्रॅम, सलाईनमधून, कमीत कमी पंधरा मिनिटं. त्याआधी रक्तात मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व बघतात. माझं ड अगदी तळाला होतं. गोव्यात राहून! पण आपण सकाळी स्वयंपाकघरात आणि दुपारी पंख्याखाली, ऊन लागणार कधी? आठ आठवडे, आठवड्याला एकच, 60,000 युनिटची पुडी घेतली, मग इंजेक्शन. पहिल्या रात्री ताप, अंग असं मोडून आलं की मला वाटलं डेंग्यूच. पॅरासिटामोल घेतली, दोन दिवसांत उतरलं. दुसऱ्या वेळी काहीच झालं नाही.

जबड्याचा त्रास खोटा नाही, पण तो जास्त करून हाडात पसरलेल्या कर्करोगासाठी दर महिन्याला हे औषध घेणाऱ्यांत दिसतो. सहा महिन्यांच्या डोसात क्वचित. आणि तो बहुतेकदा इंजेक्शन चालू असताना दात काढल्यावर सुरू होतो, म्हणून दाढेची कामं आधी उरकायची. माझी एक किडकी दाढ काढली, जखम पूर्ण भरेपर्यंत थांबले. तुम्हाला हेही कोणी सांगितलं नसेल: पाळी गेलेल्या बायकांमध्ये या औषधांनी हाडात कर्करोग परतण्याचं प्रमाणही कमी होतं, असं 2015 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या एकत्रित अभ्यासात दिसलंय. हाडांसाठीच डेनोसुमॅबचं दुसरं इंजेक्शन सुचवलं तर एक लक्षात ठेवा, ते मध्येच सोडलं तर हाड झपाट्याने उतरतं, मणके दबतात. तारीख चुकवायची नाही, थांबवायचं तर पुढचं औषध ठरवून.

सांध्यांचं मी शेवटी कबूल केलं तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी स्वतःच तीन आठवडे गोळी थांबवली, दुखणं कमी झालं ते वहीत लिहायला लावलं, आणि मग एक्झेमेस्टेन दिली, जेवल्यावर घ्यायची. एक सोसत नाही ती दुसरी सोसते, असं बऱ्याच जणींचं होतं. काहींना दुखणं कमी करायला डुलॉक्सेटिन देतात. माझी बोटं दुखायची पूर्ण थांबली नाहीत, पण सकाळी कोमट पाण्यात धरून दहा मिनिटं उघडझाप केली की चहाचा कप धरता येतो. आणि चालणं. पहिली दहा पावलं नकोशी वाटतात, मग सांध्यांना जणू तेल लागतं. हाडाला मात्र नुसतं चालणं पुरत नाही, वजन लागतं: मी खुर्चीतून हात न टेकता उठबस करते, तांदळाच्या किलोभर पिशव्या उचलते. कणा विरळ असेल तर खाली वाकून कळशी उचलणं आणि पायाच्या अंगठ्याला हात लावायची आसनं नकोत. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या.

खाण्यात नाचणीची तिजान, आणि पेडवे, तारले काट्यासकट. दूध मला पचत नाही. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर, एका वेळी 500 मिलिग्रॅमच्या वर नको, आणि थायरॉइडची घेत असाल तर दोन्हींत चार तासांचं अंतर. शेजारणी ‘बायकांचं टॉनिक’ म्हणून काहीबाही आणून देतील. हार्मोनवर काम करणारं काहीही विचारल्याशिवाय नको, मग ते आयुर्वेदिक का असेना.

घामाच्या लाटांवरही औषध मिळतं, व्हेन्लाफॅक्सिनचा छोटा डोस मला लागू पडला. खालचा कोरडेपणा सांगायला लाज वाटते, माहीत आहे. सांगा. साधी वंगण जेल चालते, इस्ट्रोजेनचं मलम मात्र कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारूनच.

पाच वर्षं झाली, आकडा उणे 2.2 वर आलाय. मुरड अजून जाऊबाईच घालतात, मी चून भरते. तुम्ही पुढच्या भेटीला जाताना कुठला सांधा, किती वाजता, किती वेळ हे आठवडाभर लिहून न्या, आणि त्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे एक चक्कर मारून या. मागच्या पायऱ्यांवरचं शेवाळही खरवडून घ्या, पण दुसऱ्या कोणाकडून.