लाल गाठ, लाल डाग: लेसर कधी, कशावर?

बाळ अडीच महिन्यांचं आहे. तिसऱ्या आठवड्यात कपाळावर लाल ठिपका दिसला, आता तो चिंचोक्याएवढा फुगलाय. लेसरने लगेच काढावा का? (कागल)

लगेच लेसर नको. वर्णनावरून हा हिमॅन्जिओमा वाटतो. रक्तवाहिन्यांच्या या साध्या गाठीसाठी वापरतात त्या ५९५ नॅनोमीटरच्या पल्स्ड डाय लेसरचा प्रकाश त्वचेत जेमतेम एक मिलिमीटर पोचतो. वरचा लालपणा फिका होतो, खालची गाठ वाढतच राहते.

ही गाठ पहिल्या पाच महिन्यांत सर्वांत झपाट्याने वाढते, म्हणून दाखवायला उशीर नको. उपचाराची गरज असेल तर पहिलं औषध प्रोप्रॅनोलॉल. २००८ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी या गाठीवरचा त्याचा परिणाम प्रसिद्ध केला आणि उपचाराची दिशाच बदलली. हृदयाचे ठोके, रक्तदाब तपासून साधारण किलोमागे रोज १ मिलिग्रॅमने सुरुवात करतात आणि २ ते ३ पर्यंत नेतात, दोन-तीन वेळांत विभागून. किमान सहा महिने चालतं. वजन वाढलं की डोस नव्याने काढावा लागतो.

औषध दूध पाजतानाच द्यायचं, उपाशीपोटी कधीच नाही, कारण साखर एकदम उतरू शकते. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील, छाती वाजत असेल तर तो डोस टाळून डॉक्टरांना फोन करा. गाठ लहान, पातळ असेल तर टिमोलॉलचे थेंब वरून लावून भागतं; चिघळलेल्या जागी मात्र नकोत. दर आठवड्याला शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा. "वाढली का?" या प्रश्नाला आठवणीपेक्षा फोटो चांगलं उत्तर देतो.

सासूबाई म्हणतात, आपोआप जातं. थांबलं तर चालेल? (गडहिंग्लज)

बऱ्याचदा त्यांचं बरोबर असतं. बहुतेक गाठी वर्षानंतर ओसरू लागतात, चौथ्या वर्षापर्यंत बऱ्याच बसतात. पण पापणीवर (नजर मंदावते), नाकाच्या शेंड्यावर, ओठावर किंवा लंगोटाच्या जागी असेल तर थांबू नका. हनुवटी-जबड्यावर पसरली असेल आणि श्वासाचा आवाज येत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण श्वासनलिकेतही गाठ असू शकते. अंगावर पाच किंवा जास्त गाठी असतील तर यकृताची सोनोग्राफी करतात. चेहऱ्यावरची मोठी गाठ आणि कमरेच्या मणक्यावरची गाठ यांचीही तपासणी वेगळी.

गाठ बसल्यावर उरलेल्या बारीक लाल शिरांसाठी लेसर खरंच उपयोगी.

आणि हो, ग्रहणात भाजी चिरल्याने हे होत नाही.

मुलीच्या गालावर जन्मापासून सपाट जांभळट डाग आहे. तो उंचावत नाही, जातही नाही. (इचलकरंजी)

हा पोर्ट-वाइन स्टेन, म्हणजे कातडीतल्या रुंदावलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचा जन्मजात डाग. इथे मात्र लेसरच पहिला उपाय, आणि लवकर सुरू केलेला बरा. डाग कपाळावर किंवा पापणीवर असेल तर आधी डोळ्याचा दाब आणि मेंदूची बाजू तपासून घ्या.

आपल्या सावळ्या कातडीत अडचण अशी, की मेलॅनिन (कातडीला रंग देणारं द्रव्य) हेही तोच प्रकाश शोषतं. म्हणून आधी छोट्या जागेवर चाचणी, ऊर्जा बेताची, प्रत्येक पल्सला थंडावा आणि दोन बैठकांत सहा ते आठ आठवडे. डोळ्यांवर संरक्षक कवच हवंच. नंतर ७ ते १४ दिवस रक्त साकळल्यासारखा जांभळा डाग दिसतो, तो अपेक्षितच असतो. फोड आला तर ऊर्जा जास्त झाली किंवा थंडावा कमी पडला असं समजा; फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. उन्हात नेताना टोपी, मूल सहा महिन्यांपेक्षा मोठं असेल तर सनस्क्रीनही. नाहीतर तिथे काळपट डाग उमटतो.

बैठका बऱ्याच लागतात. डाग फिका होतो, पूर्ण जाईलच असं नाही, पुढे थोडा गडदही होतो. यंत्र कोणतं, हे आधी विचारा. केस काढायच्या लेसरवर हे काम पार्लरमध्ये करून घेऊ नका.

सहा वर्षांच्या मुलाच्या बोटावर लाल दाणा आलाय, धक्का लागला की रक्त थांबत नाही. (शाहूपुरी)

बहुधा पायोजेनिक ग्रॅन्युलोमा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा साधा दाणा. स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा, मधे उघडून बघू नका. बिब्बा, चुना अजिबात लावू नका, कातडी भाजते. जागा बधिर करून दाणा खरवडतात आणि बूड कॉटरीने (विजेने तापवलेल्या टोकाने) जाळतात. अगदी बारीक दाण्यावरच पल्स्ड डाय लेसर चालतं. काढलेला तुकडा तपासणीला पाठवा. बुडाशी थोडं राहिलं तर दाणा पुन्हा उगवतो.