तुटलेल्या पत्त्यात कोकम कुठे गेलं?

प्रश्न : नमस्कार ताई. मी देवगड तालुक्यात राहते. आम्ही घरातल्या चौघी जावा मिळून कोकम आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), आमसुलं, आंबापोळी आणि फणसपोळी विकतो. मागच्या वर्षी वर्डप्रेसवर वेबसाइट केली. आगळाच्या पानाला मी 'घरगुती पद्धतीने बनवलेलं कोकम आगळ' असं शीर्षक दिलं, पण पानाचा पत्ता बघितला तर तो 'घरगुती-पद्धतीने-बनवलेलं' इथेच संपतो. त्यात ना कोकम, ना आगळ. तोच पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची आणि आकड्यांची लांबलचक माळ जाते. वेबसाइटची कामं करणारे एक जण म्हणतात, "पत्त्यात शब्द नाहीत म्हणून तुम्ही गूगलमध्ये मागे आहात." आमच्या सगळ्या ४१ पानांचे पत्ते बदलून त्यांत 'देवगड', 'ऑरगॅनिक', 'स्वस्त', 'ऑनलाइन खरेदी' असे शब्द भरायचे म्हणतात. दर पानामागे वेगळे पैसे. देऊ का?

उत्तर : नका देऊ. हे आधीच सांगते, कारण तुमचं पत्र वाचताना माझं सगळं लक्ष त्या पैशांकडे होतं. चौघींनी उन्हात सोलं वाळवून मिळवलेले पैसे आहेत ते.

आता कोकम कुठे गेलं ते बघू. मी तुमचं शीर्षक कागदावर लिहून एकेक खूण मोजली. वेबचे पत्ते मुळात रोमन अक्षरं, आकडे आणि मोजक्या चिन्हांसाठी आखलेले आहेत. देवनागरी त्यात बसवायची तर प्रत्येक खुणेचं रूपांतर करावं लागतं. खूण म्हणजे नुसतं अक्षर नव्हे. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला मोडलेला पाय ही प्रत्येक वेगळी खूण. संगणक अशी एक खूण तीन बाइटांत ठेवतो आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे आपल्या एका खुणेला नऊ जागा. व्हॉट्सअ‍ॅपवर दिसणारी माळ ती हीच. 'घरगुती'मध्ये सहा खुणा, 'पद्धतीने'मध्ये आठ, 'बनवलेलं'मध्ये सात. २१ गुणिले ९ म्हणजे १८९, आणि मधल्या दोन आडव्या रेघा धरून १९१.

वर्डप्रेस पानाच्या पत्त्याच्या या भागासाठी २०० जागा ठेवतं. 'बनवलेलं'नंतरची रेघ धरली की १९२ होतात. 'कोकम'मधल्या नुसत्या 'क'ला नऊ जागा लागतात, की झाले २०१. एका जागेसाठी तुमचं कोकम दाराबाहेर राहिलं! यात तुमची काही चूक नाही. मराठी शीर्षक जरा मोठं झालं की सगळ्यांचंच असं होतं, फक्त फार थोड्या जणी पत्ता इतका निरखून बघतात.

पण त्यामुळे तुम्ही गूगलमध्ये मागे आहात का? नाही. गूगल तुमचं पान उघडून वाचतं. शीर्षकात कोकम आहे, मजकुरात आहे, बाटलीच्या फोटोखाली आहे. नवख्या वेबसाइटवाल्यांसाठी गूगलने जी मार्गदर्शिका ठेवली आहे, तिच्यात साफ लिहिलंय की डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या मुख्य नावातल्या किंवा पुढच्या पत्त्यातल्या शब्दांचा, नुसत्या त्यांच्या जोरावर, निकालांतल्या क्रमांकावर जवळपास काहीच परिणाम होत नाही. गूगलमध्ये वेबसाइटवाल्यांशी बोलण्याचं काम वर्षानुवर्षं करणारे जॉन म्यूलर यांनीही हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. पत्त्यातले शब्द म्हणजे अगदी हलकी खूण, आणि तिचा उपयोग मुख्यतः पान नवीन सापडलंय पण अजून वाचलेलं नाही, तेवढ्या मधल्या वेळेपुरता. पत्त्याच्या लांबीचा तर क्रमांकाशी संबंधच नाही, असंही त्यांनी स्पष्ट म्हटलंय. एकच पान दोन पत्त्यांवर सापडलं, तर त्यातला मुख्य कोणता धरायचा हे ठरवताना मात्र आखूड, स्वच्छ पत्त्याकडे गूगलचा कल असतो. तो प्रश्न कुठला पत्ता दाखवायचा याचा आहे, पान वर येण्याचा नाही.

लांबीला तांत्रिक मर्यादा आहेत, पण त्या फार दूर आहेत. साइटमॅप म्हणजे शोधयंत्रांसाठी केलेली पानांच्या पत्त्यांची यादी. तिच्या नियमांत एक पत्ता २,०४८ अक्षरांच्या आत असावा असं आहे. तुमचं पूर्ण शीर्षक पत्त्यात बसलं असतं, तरी २५६ जागा झाल्या असत्या.

आणखी एक गोष्ट त्या गृहस्थांना विचारा. मोबाइलवर गूगलच्या निकालांत पूर्वी साइटच्या नावापुढे पत्त्याची पायवाट, म्हणजे पत्त्यातले पुढचे शब्द, दिसायची. २०२५च्या जानेवारीपासून गूगलने मोबाइलवर ती काढून टाकली, आता नुसतं डोमेन दिसतं. तुमची गिऱ्हाइकं मोबाइलवरच शोधत असणार. मग पत्त्यात कोंबलेलं 'स्वस्त' आणि 'ऑरगॅनिक' निकालांच्या यादीत वाचणार कोण?

हे मी इतक्या आग्रहाने का लिहितेय ते सांगते. आम्ही सांगलीचे. माझ्या दिरांची हळदीची पेढी आहे. २०११ साली त्यांची पहिली वेबसाइट मी केली. डोमेनमध्ये शोधाचे शब्द असले की पान वर येतं, असं तेव्हा जो तो म्हणायचा. मी चार शब्दांचं, तीन आडव्या रेघांचं डोमेन घेतलं. सांगली, हळद, घाऊक, दर. दीर फोनवर बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना तो पत्ता सांगायचे, "सांगली, मग मधे रेघ, नाही हो, खाली नाही, मधे..." पलीकडचा माणूस कंटाळून म्हणायचा, राहू द्या, दरच सांगा. ते ऐकताना मला फार वाईट वाटायचं. पत्ता मी शोधयंत्रासाठी बांधला होता, आणि तो सांगायची वेळ माणसावर आली होती.

पुढच्याच वर्षी, २०१२च्या सप्टेंबरअखेरीस, गूगलच्या मॅट कट्स यांनी जाहीर केलं की शोधाच्या शब्दांशी तंतोतंत जुळणारं डोमेन आहे पण आत दम नाही, अशा साइट्स यापुढे निकालांत कमी दिसतील. अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी ०.६ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल असं त्यांनी सांगितलं होतं. आकडा छोटा, पण दिशा कळली.

हरिपूरला हळदीची पेवं आहेत. जमिनीतली कोठारंच ती. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. माल घेणारा पेवाच्या तोंडावर काय रंगवलंय ते विचारत नाही, हळद वर काढून मोडून बघतो. मी दिरांसाठी दोन वर्षं नुसतं तोंड रंगवत बसले होते. हळकुंड आणि गठ्ठा (हळदीचा गोल कंद) यातला फरक, पॉलिश कसं होतं, पेवातल्या मालाचं काय होतं, हे सगळं दिरांच्या जिभेवर होतं आणि वेबसाइटवर त्यातली एक ओळ नव्हती. ते लिहून काढलं तेव्हा फोन यायला लागले.

मी आणखी एक चूक केली, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून सांगते. २०१४मध्ये मी सगळ्या पानांचे पत्ते एका रात्रीत बदलले. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवायची सोय केलीच नाही. लोकांनी जपून ठेवलेले, एकमेकांना पाठवलेले सगळे दुवे मेले. सकाळी ज्याने जुना दुवा उघडला त्याला 'पान सापडलं नाही' दिसलं. पत्ता बदलायचाच तर ३०१ क्रमांकाचं कायमचं वळण लावावं लागतं, आणि ते निदान वर्षभर, जमलं तर त्याहून जास्त काळ ठेवा असं गूगल सांगतं. तुमच्याकडे ४१ पानं आहेत. हे गृहस्थ ४१ वळणं लावून देणार आहेत का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

तुम्ही काय करावं? आगळाचं एक पान बदला. तेही गूगलसाठी नाही, पत्ता वाचणाऱ्यासाठी. 'कोकम-आगळ' एवढंच ठेवलं तर देवनागरीत ६४ जागा लागतात, रोमनमध्ये दहा. वर्डप्रेसमध्ये ते पान 'पोस्ट' म्हणून टाकलं असेल तर पत्ता बदलल्यावर जुन्याचं वळण ते आपोआप लावतं. 'पेज' म्हणून टाकलं असेल तर लावत नाही, तिथे तुम्हाला स्वतः लावावं लागेल. बाकीची ४० पानं आहेत तशी राहू द्या. नवीन पान टाकताना मात्र प्रकाशित करण्याआधी पत्त्याची चौकट उघडून दोन-तीन शब्द स्वतः लिहायचे.

देवनागरी ठेवू की रोमन, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात येईलच. गूगलला दोन्ही चालतात. मराठी विकिपीडियावरच्या लेखांचे पत्ते देवनागरीतच आहेत आणि शोधात ते नीट सापडतात. तरीही तुमच्यासाठी मी रोमन म्हणेन. तुमचा माल व्हॉट्सअ‍ॅपवर आणि बाटलीच्या लेबलवरून विकला जातो. लेबल बघून पत्ता टाइप करणारी मुंबईची गिऱ्हाईक, किंवा दुबईला असलेला तिचा मुलगा, दोघांनाही दहा अक्षरं सोपी. फक्त कोकमचं रोमन स्पेलिंग दोन तऱ्हांनी लिहितात. त्यातलं एक ठरवा आणि लेबलवर, पत्त्यात, सगळीकडे तेच ठेवा.

वाचलेल्या पैशांत आणि वेळात पान भरा. आम्ही घाटावरचे 'आमसूल' म्हणतो, तुम्ही 'कोकम' आणि 'सोलं' म्हणता. हे शब्द पत्त्यात कोंबायचे नाहीत, मजकुरात ते आपोआप येतील. आगळात मीठ असतं, साखर नाही, सरबताचं अमृत कोकम वेगळं, हे आमच्याकडे पुष्कळांना ठाऊक नसतं. माझ्या धाकट्या जाऊबाईंनी एकदा आगळात नुसतं पाणी घालून पाहुण्यांना दिलं होतं! सोलकढीला एका नारळाच्या दुधाला किती आगळ, उघडलेली बाटली किती दिवस टिकते, रातांबे (कोकमाची फळं) कधी पिकतात, रस कसा सुटतो, हे तुमच्या शब्दांत लिहा. चौघींपैकी जिला बोलता चांगलं येतं तिला बोलायला सांगा आणि दुसरीने लिहून घ्या. शोधणारे लोक हेच प्रश्न विचारतात.

प्रश्न : माझं नाशिकला भांड्यांचं दुकान आहे. '.भारत' हे देवनागरी डोमेन घेतलं तर मराठीत शोधणाऱ्यांना दुकान आधी दिसेल का?

उत्तर : डोमेनमुळे आधी दिसणार नाही. '.भारत' देवनागरीत २७ ऑगस्ट २०१४ला सुरू झालं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आपल्या लिपीत आपल्या दुकानाचं नाव, यात एक मान आहे. पण २०१५मध्येच गूगलने सांगून टाकलं की नव्या प्रकारची डोमेन, वेगवेगळ्या लिप्यांमधलीसुद्धा, इतरांसारखीच धरली जातात. त्यांना वरची जागा नाही आणि खालचीही नाही.

आतून हे नाव रोमनमध्येच साठवलं जातं. 'एक्स', 'एन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं एक रूप असतं, आणि काही ठिकाणी नेमकं तेच समोर येतं. देवनागरी डोमेनवरचा ईमेल पत्ताही अनेक फॉर्म स्वीकारत नाहीत. म्हणून दुकानाच्या पाटीसाठी, अभिमानासाठी घ्यायचं तर जरूर घ्या, पण सोबत एक आखूड रोमन डोमेन असू द्या, बिलावर आणि ईमेलला ते वापरा. दोन्हींवर तीच वेबसाइट वेगवेगळी चालू ठेवू नका. एकाला मुख्य करा, दुसरं त्याच्याकडे वळवा.

प्रश्न : पत्त्यात दोन शब्दांच्या मध्ये आडवी रेघ द्यावी की खालची?

उत्तर : मधली आडवी रेघ. गूगल तिला शब्दांमधली फट समजतं आणि तीच वापरा असं सुचवतं. जुन्या पानांवर खालची रेघ असेल तर तेवढ्यासाठी पत्ते बदलू नका.