जर्मन फील्ड टेलिफोन : खरवडण्याआधी विचारा

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याचा फील्ड टेलिफोन, म्हणजे 'फेल्डफर्नश्प्रेशर ३३', आपल्याकडच्या संग्राहकांच्या हाती येऊ लागल्यापासून माझ्याकडे तेच ते प्रश्न येत आहेत. बेकलाइटची, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकची पेटी, कडेला फिरवायचं हँडल, आत रिसीव्हर आणि एका दीड व्होल्टच्या सेलची जागा. वस्तू साधी आहे, पण युद्धानंतर ती अनेक हातांतून गेली आणि जवळपास प्रत्येकाने तिच्यात काहीतरी बदललं. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : नाव '३३', म्हणजे माझा फोन १९३३ चा ना?

नाही. ३३ हा मॉडेलचा आकडा आहे. हे फोन युद्धकाळातही बनत होते.

प्रश्न : जर्मनीतल्या विक्रेत्याने फोटोत एक शिक्का कागदाने झाकला आहे. काही लपवतोय का?

बहुधा नाही. नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवण्यावर तिथे कायद्याने बंदी आहे, म्हणून विक्रेते स्वस्तिक झाकतात. मात्र शिक्क्याच्या आजूबाजूच्या भागाचे जवळून काढलेले फोटो मागा. द्यायला टाळाटाळ केली तर घेऊ नका.

प्रश्न : आतल्या वायरींवर प्लास्टिक आहे, म्हणजे फोन युद्धानंतरचाच, असं एका जाणकाराने सांगितलं. खरं का?

हे ऐकीव ज्ञान आता थांबायला हवं. वायरींवरचं हे प्लास्टिक, पीव्हीसी, जर्मनीत युद्धाआधीच बनत होतं, 'इगेलिट' या नावाने. नुसत्या प्लास्टिकवरून काहीच ठरत नाही. त्यापेक्षा वायरींच्या जोडांवरचा डाख (सोल्डर) बघा. जुना डाख करडा आणि मंद दिसतो. त्याच्या शेजारीच एखादा चकचकीत ठिपका असेल तर तिथे नंतर कुणाचा तरी हात लागला आहे. स्क्रूची डोकी बघा. सरळ खाचेच्या स्क्रूंमध्ये एखादा अधिक-चिन्हाचा निघाला, तर तो दुरुस्तीवाल्याचा समजा. एवढं बघून फोटो पाठवा, मग वर्षाबद्दल बोलू.

प्रश्न : आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. हा फोन त्यांनी इटलीतून आणला असं घरात सगळे सांगतात. झाकणाच्या आतल्या पाटीवर जर्मन नावं आहेत, एस समोर 'सामुएल'. किंमत किती येईल?

किंमत मी सांगत नाही. पण पाटीबद्दल सांगतो.

मराठा पलटणी इटलीत लढल्या. यशवंत घाडगे यांना १९४४ च्या आणि नामदेव जाधव यांना १९४५ च्या तिथल्याच लढाईतल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा आजोबा तिथे असणं आणि एखादा जर्मन फोन त्यांच्या हाती लागणं अगदी शक्य आहे. पण ही पाटी वेगळं सांगते. ती आहे फोनवर अक्षरं सांगण्याची नावं, आपण 'क कमळाचा' म्हणतो तशी. १९३४ मध्ये नाझी राजवटीने या यादीतली ज्यूंची वाटणारी नावं काढून टाकली. 'सामुएल'चा 'झीगफ्रीड' झाला, झेडसाठीच्या 'त्साखारियास'च्या जागी 'त्सेपेलिन' आलं. ही दोन्ही जुनी नावं पश्चिम जर्मनीत युद्धानंतर परत आली. म्हणजे तुमची पाटी एक तर १९३४ पूर्वीची, नाही तर युद्धानंतरची. झेड समोर काय आहे तेही बघा आणि तळाचा, आतल्या भागांवरचा सालाचा आकडा शोधा. तो युद्धाच्या वर्षांतला निघाला, तर ही पाटी नंतर बदललेली आहे. १९४५ मध्ये घरी आलेल्या फोनला गावात बसून जर्मन पाटी कुणी बदलली असेल, असं मला वाटत नाही.

यावरून आजोबा खोटं बोलले असं कुणी म्हणू नका. घरात दोन फोन असू शकतात, मूळ फोन कुणाला देऊन टाकलेला असू शकतो. आधी त्यांचं डिस्चार्ज बुक शोधा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. पेटीला तोवर हात लावू नका.

प्रश्न : माझ्या फोनवर करड्या रंगाचा थर आहे आणि परदेशी भाषेतली चिकटपट्टी. एक व्यापारी सगळं काढून 'मूळ युद्धकालीन अवस्थेत' आणून देतो म्हणतो. देऊ का?

देऊ नका. हात जोडून सांगतो, देऊ नका.

मे १९४५ मध्ये एकट्या नॉर्वेत सुमारे साडेतीन लाख जर्मन सैनिकांनी शस्त्रं ठेवली. त्यांचं सामान तिथेच राहिलं आणि नॉर्वेच्या नव्याने उभ्या राहणाऱ्या सैन्याने ते वापरलं. इतर देशांतही तसंच झालं. रंग, पट्टी, बदललेली केबल, झाकणात बसवलेली डायल ही त्या दुसऱ्या आयुष्याची कागदपत्रं आहेत. ती खरवडली की फोन युद्धकाळात परत जात नाही. फक्त त्याची साक्ष जाते. आणि हे व्यापारी तेवढ्यावर थांबत नाहीत. तीन फोनचे भाग एकत्र करून एक 'अस्सल' उभा करतात आणि वर नवा शिक्का मारतात.

असा एक फोन मी भिंगाखाली धरला होता. शिक्क्यातल्या जर्मन गरुडाचं पीस न् पीस धारदार होतं. जुन्या बेकलाइटचा वरचा थर काळवंडतो, पण शिक्क्याच्या खाचेत तोच बेकलाइट ताज्या ओरखड्यासारखा फिकट दिसत होता. मळाचा कण नाही. शेजारच्या स्क्रूच्या खाचेत मात्र तीन रंगांचे थर एकावर एक बसलेले, सगळ्यात खाली काळा. घेणाऱ्याने पैसे आधीच दिले होते. मला दाखवायला तो दोन महिने उशिरा आला.

शिवाय सँडपेपर लावणं धोक्याचं आहे. त्या काळच्या काही बेकलाइटमध्ये भर म्हणून ॲस्बेस्टॉस घालत. ती धूळ छातीत जाते. मऊ कोरडं ब्रश, बस. पट्टी सुटत असेल तर संग्रहालयाच्या जतन विभागातल्या माणसाला विचारा.

प्रश्न : घरच्या लँडलाइनला जोडता येईल?

थेट नाही. असे दोन फोन दोन वायरींनी एकमेकांना जोडा, चालतील.

प्रश्न : हँडल फिरवताना टर्मिनलला हात लागला तर?

झटका बसतो, कारण हँडल फिरवलं की आत वीज तयार होते. पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय फिरवूच नये, आणि मुलांच्या हाती तर देऊच नका.

प्रश्न : आत जुना सेल फुगून अडकला आहे. पक्कडीने ओढू?

ओढू नका. आहे तसा फोटो काढा, सेलवरचा मजकूर वाचता येईल असा. मग हातमोजे घालणाऱ्या, जुन्या उपकरणांची सवय असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे न्या, आणि पावसाळ्याआधी न्या. गळलेला सेल दमट हवेत शेजारचा पत्रा खातो आणि सालाचा आकडा त्या पत्र्यावरही असू शकतो.