जपानमधलं तैयाकी कसं लागतं? पहिल्यांदा खाताना कोणतं घ्यावं?

तैयाकी म्हणजे माशाच्या आकाराच्या साच्यात पीठ ओतून, आत गोड सारण भरून भाजलेला केक. पहिल्यांदा खाताय तर आंकोचंच घ्या. आंको म्हणजे अझुकी या लालसर कडधान्याचे दाणे साखरेत शिजवून केलेलं सारण. पुरणपोळी खाणाऱ्याला ते लगेच ओळखीचं वाटतं, फक्त वेलची-जायफळ नसतं आणि चव जरा मातकट. कस्टर्डचंही मिळतं, लहान मुलांना ते आवडेल, मला मात्र ते नुसतं गोड वाटलं.

मासा फक्त आकारात. 'ताई' हा तिकडे शुभ मानलेला मासा. तरी पिठात बऱ्याचदा अंडं असतं, शुद्ध शाकाहारी असाल तर विचारून घ्या.

टोकियोत आझाबू-जुबानला 'नानिवाया' हे 1909 पासूनचं दुकान आहे. तिथे लांब दांड्याच्या साच्यात एकेक मासा वेगळा भाजतात. गंमत म्हणजे अशा तैयाकीला शौकीन 'समुद्रातला' म्हणतात आणि एका तव्यावर एकदम अनेक काढलेल्यांना 'पाळलेला'! समुद्रातल्याची साल पातळ, कडा कुरकुरीत.

गरमच खा, पण पहिला घास शेपटीचा घ्या. पोटातलं सारण भयंकर तापलेलं असतं, माझी जीभ दोन दिवस हुळहुळत होती.