सोलापूरहून निघण्याआधी : सीअर-मेडिकेअरचा डेटा कसा मिळतो

नमस्कार डॉक्टर,

तुम्ही वैशंपायन मेडिकल कॉलेजातून कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी झालात, ऑगस्टमध्ये पोस्टडॉकसाठी अमेरिकेला निघालात आणि कॅन्सरच्या उपचारांवर काम करायचं ठरवलंय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. कॅन्सर नोंदणी आणि विम्याची बिलं जोडलेला सीअर-मेडिकेअरचा डेटा कसा मिळतो, सोलापुरात बसून आत्ताच अर्ज करता येईल का, आणि दोन वर्षांनी परत येताना तो सोबत आणता येईल का.

शेवटच्या दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे, ते आधीच सांगून टाकतो. पहिल्याचं उत्तर लांब आहे. मी जुळे सोलापुरात वाढलो, स्टॅटिस्टिक्स शिकलो आणि गेली बारा वर्षं आयोवात याच डेटावर काम करतोय. त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेवढंच लिहितो.

सीअर ही अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची, म्हणजे एनसीआयची, कॅन्सर नोंदणी. १९७१च्या कॅन्सर कायद्यानंतर ती उभी राहिली आणि १९७३पासूनचे रुग्ण तिच्यात आहेत. आज देशाच्या जवळपास निम्म्या लोकसंख्येपर्यंत ती पोचते. आयोवा पहिल्यापासून तिच्यात आहे. कॅन्सर कुठला, निदान कधी झालं, गाठ केवढी होती, स्टेज कोणती, सुरुवातीला काय उपचार झाले आणि रुग्ण कधी गेला, हे नोंदणीला पक्कं माहीत असतं. पण केमोच्या किती सायकल झाल्या, मध्येच बंद पडल्या का, वर्षभराने पुन्हा ॲडमिट व्हावं लागलं का, हे तिथे नीट सापडत नाही. ते सापडतं बिलांत. मेडिकेअर हा ६५ वर्षांवरच्या लोकांचा सरकारी विमा, १९६५च्या कायद्याने आलेला. पार्ट ए हॉस्पिटलचा, पार्ट बी डॉक्टर आणि ओपीडीचा, आणि २००६पासून पार्ट डी औषधांचा. प्रत्येक तपासणीचं, प्रत्येक इंजेक्शनचं बिल तारखेसकट तिथे पडून असतं. मात्र बिलाला स्टेज कळत नाही. म्हणून १९९१मध्ये हे दोन्ही पहिल्यांदा जोडले गेले. नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर यांवरून जोडण्याचं काम आतल्या आत होतं. आपल्या हातात येतो तो फक्त एक सांकेतिक क्रमांक.

ही जोडणी किती मोलाची आहे हे मला इथे येण्याआधीपासून माहीत होतं. माझी आत्या विड्या वळायची. तिच्या स्तनात गाठ निघाली तेव्हा एका ठिकाणी तपासणी, दुसऱ्या ठिकाणी ऑपरेशन आणि तिसऱ्या गावी केमो झाली. सगळे कागद एका कॅरीबॅगमध्ये होते, आणि ती कॅरीबॅग माझ्या मांडीवर. एका हॉस्पिटलने बायॉप्सीचा मूळ रिपोर्ट ठेवून घेतला आणि नंतर तो त्यांनाच सापडेना. पुढच्या डॉक्टरांनी सगळं पहिल्यापासून करायला लावलं. त्यात सहा आठवडे गेले. आपल्याकडे नोंदणी आणि बिलं जोडण्याचं काम अजून पेशंटचा मुलगा नाहीतर भाचा करतो, केसपेपर तारखेप्रमाणे लावून.

आता अर्जाकडे येतो. सर्वांत मोठी चूक इथेच होते आणि ती मीही केली. मी ज्या पहिल्या विभागात रुजू झालो, तिथे मला सांगितलं होतं, "डेटा आमच्याकडे आहेच, आल्या आल्या सुरू करा." आल्यावर कळलं की डेटा खरोखर होता, पण तो दुसऱ्याच प्रश्नासाठी, दुसऱ्याच प्राध्यापकांच्या नावावर मंजूर झालेला. माझ्या प्रश्नासाठी त्याला हात लावणं म्हणजे करार मोडणं. नवी परवानगी येईपर्यंत माझं पहिलं जवळजवळ वर्ष वाया गेलं. तेव्हा तुम्ही ऑफर पक्की करण्याआधी तुमच्या गाईडना स्पष्ट विचारा. फाइल कुणाच्या नावावर आहे? कुठल्या प्रोजेक्टसाठी? कोणत्या कॅन्सरची, कोणत्या वर्षांची? माझा विषय त्या परवानगीत बसतो, की नव्याने मागावी लागेल? असं विचारणं उद्धटपणा ठरत नाही. उलट या माणसाला काम माहीत आहे, हे त्यांना कळतं.

नवी मागणी करायची असेल तर संशोधनाचा आराखडा लागतो : प्रश्न काय, कोणता कॅन्सर, कोणती वर्षं, नेमक्या कोणत्या फायली आणि का. मुख्य संशोधक म्हणून गाईडचं नाव घाला. तुमच्या संस्थेच्या एथिक्स कमिटीचं पत्र लागतं. इथे तिला आयआरबी म्हणतात. डेटा कुठल्या सर्व्हरवर राहणार, तो कोण कोण उघडणार, याची यादी लागते. त्या यादीत नाव नसलेल्या माणसाला स्क्रीनसुद्धा दाखवायची नाही. मग डेटा वापराचा करार, डीयूए, त्यावर सह्या होतात. एनसीआयचे लोक मुख्यतः दोन गोष्टी तपासतात : हा प्रश्न या डेटातून सुटण्यासारखा आहे का, आणि रुग्णांची गुप्तता राहील का. शुल्क फाइलगणिक आणि वर्षागणिक लागतं आणि बेरीज हजारो डॉलरमध्ये जाते. तो खर्च ग्रँटमधून व्हायचा असतो, तुमच्या पगारातून नाही. या सगळ्याला काही महिने धरा. आराखड्यात 'कॅन्सरग्रस्तांच्या उपचारांचा अभ्यास' असं मोघम लिहिलंत तर तो परत येईल. 'तिसऱ्या स्टेजच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर चार महिन्यांच्या आत केमो सुरू झाली का' असं लिहिलं की कोणत्या फायली लागतील हे आपोआप ठरतं आणि बिलही आटोक्यात राहतं.

डेटा हातात आल्यावर पहिला खड्डा कुठला, तर मेडिकेअर ॲडव्हान्टेज. मेडिकेअरच्या निम्म्याहून जास्त लोकांनी आता या खासगी कंपन्यांच्या योजना घेतल्या आहेत, आणि त्यांची बिलं नेहमीच्या क्लेम फायलींत येत नाहीत. समजा एका बाईंची तिसऱ्या स्टेजची नोंद आहे आणि पुढे एकही केमोचं बिल नाही. नवखा माणूस लिहून मोकळा होतो की उपचार झालेच नाहीत. प्रत्यक्षात त्यांची केमो व्यवस्थित पार पडलेली असते, फक्त बिल दुसरीकडे गेलेलं असतं. म्हणून निदानाच्या आधी बारा महिने आणि नंतर अभ्यासाच्या मुदतीपर्यंत पार्ट ए आणि बी दोन्ही सलग आहेत आणि खासगी योजना नाही, असेच रुग्ण निवडायचे. संख्या धाडकन खाली येते. येऊ द्या. आणि उरलेले लोक सगळ्यांचे प्रतिनिधी आहेत का, हे पेपरमध्ये प्रामाणिकपणे लिहा.

तसंच निदानाच्या कोडचं. बिलावर कॅन्सरचा कोड दिसला म्हणजे कॅन्सर होताच असं नाही. संशय म्हणून तपासणी केली तरी तो कोड पडू शकतो. त्यातून १ ऑक्टोबर २०१५ला इथली बिलं आयसीडी-९वरून आयसीडी-१०वर, म्हणजे आजारांच्या कोडांच्या जुन्या यादीवरून नव्या यादीवर गेली, म्हणजे त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे तुमचा प्रोग्रॅम दोन भाषा बोलला पाहिजे. कॅन्सर नसलेल्या लोकांशी तुलना करायची असेल तर त्याच भागांतल्या मेडिकेअरधारकांचा पाच टक्क्यांचा नमुना वेगळा मिळतो. तोही अर्जातच मागा.

गुप्ततेचा एक नियम जवळून दाखवतो. ११पेक्षा कमी माणसं असलेला कोणताही आकडा छापायचा नाही. माझ्या एका तक्त्यात एका गटात ७ रुग्ण होते. मी तो चौकोन झाकला आणि निर्धास्त झालो. आमच्या शेजारी बसणाऱ्या एका अनुभवी बाईंनी पेन्सिलीने शेजारचा आकडा गोल केला, २०५, आणि खाली एकूण, २१२. वजाबाकी तिसरीतलं पोरही करेल. झाकलेला आकडा बेरजेतून, टक्केवारीतून, आलेखातूनही निघता कामा नये. एखाद्या छोट्या काउंटीतल्या सात म्हाताऱ्या माणसांपैकी एक कोण, हे त्या गावात सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्या सोलापूरकडच्या वडाळ्यात किंवा मंद्रूपमध्ये ठाऊक असतं तसंच. पेपर जर्नलला पाठवण्याआधी एनसीआयकडे पाठवावा लागतो, तोही याच तपासणीसाठी. मुदत संपली की फायली नष्ट करून तसं लेखी कळवावं लागतं.

आणि हो, डेटा अमेरिकेबाहेर नेता येत नाही आणि बाहेरून उघडताही येत नाही. दोन वर्षांपूर्वी मी गड्ड्याच्या यात्रेला घरी आलो होतो. त्याच आठवड्यात जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरनी एक आकडा पुन्हा काढून मागितला. लॅपटॉप समोर होता, पासवर्ड पाठ होता, आणि तरीही मी लॉगिन केलं नाही. यादीत नाव असलेल्या सहकाऱ्याला मी फोनवरून काय करायचं ते सांगितलं, आणि त्याने तिथे बसून तो आकडा काढला. सुट्टीचं तिकीट काढताना रिव्हिजनची तारीख बघत जा.

मग ऑगस्टपर्यंत सोलापुरात काय करायचं? भरपूर आहे. अमेरिकेच्या मेडिकेअर खात्याने २००८ ते २०१० या काळाच्या बिलांवरून बनवलेला कृत्रिम डेटा मोफत ठेवलाय, सिनपफ नावाने. त्यात खरा माणूस एकही नाही, म्हणून करारही नाही. बिलांची रचना, कोडांचे रकाने, एका माणसाच्या पन्नास ओळी कशा गोळा करायच्या, हे सगळं त्यावर शिकता येतं. त्यातून निष्कर्ष मात्र काढू नका, तो फक्त हात बसवण्यासाठी आहे. सॅस या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरची विद्यार्थ्यांसाठीची ऑनलाइन आवृत्ती मोफत आहे, आणि त्याच कामाचं आर तर आहेच. एकट्या सीअरचा, म्हणजे बिलं न जोडलेला, संशोधन डेटा आणि त्याचं सीअरस्टॅट हे सॉफ्टवेअर करार मान्य केल्यावर विनामूल्य मिळतं. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी ताजे वाचून घ्या. तुम्ही पेशंट तपासणार नाही, फक्त संशोधन करणार, त्यामुळे यूएसएमएलईच्या, म्हणजे इथे डॉक्टरकी करायला लागणाऱ्या परीक्षेच्या, चिंतेत हे महिने घालवू नका.

आणि बार्शीला जाऊन या, हे मी मनापासून सांगतोय. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७पासून चालू आहे, आणि खेड्यांतल्या लोकसंख्येवर उभी राहिलेली ती देशातली पहिली. अमेरिकेत राज्यांचे कायदे आहेत, हॉस्पिटलला रुग्ण कळवावाच लागतो. बार्शीत नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांना लक्षणं समजावून सांगितली, संशयित रुग्णांना नर्गिस दत्त हॉस्पिटलपर्यंत आणलं, मृत्यूच्या नोंदी गावात जाऊन पडताळल्या. त्याच हॉस्पिटलच्या सहभागाने धाराशिव जिल्ह्यात एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या, तपासणीचा मोठा अभ्यास झाला. त्यात १,३१,७४६ बायका होत्या, आणि २००९मध्ये तो प्रसिद्ध झाला. इथे आयोवात वरिष्ठ लोकांना तो माहीत आहे. तुम्ही 'मी सोलापूर जिल्ह्याची' म्हणालात आणि नोंदणी प्रत्यक्ष कशी भरली जाते ते सांगू शकलात, तर रकान्यात रिकामी जागा का राहते हे तुम्हाला इथल्या पुष्कळ लोकांपेक्षा जास्त कळतं, हे त्यांच्या लक्षात येईल.

परत येण्याचा विचार आहे म्हणालात, म्हणून आणखी एक. सिव्हिलमध्ये आरोग्यमित्राच्या, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचे कागद बघणाऱ्या माणसाच्या, टेबलापाशी दोन दिवस बसा. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ला ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. तीच पुढे महात्मा फुले योजना झाली. रेशनकार्ड, प्री-ऑथ (उपचाराआधीची मंजुरी), पॅकेजचा कोड, डिस्चार्जचे कागद यांचा प्रवास डोळ्यांनी बघा. कुठला उपचार पॅकेजमध्ये बसवून लिहिला जातो, कुठला बिलात येतच नाही, ते वहीत टिपून ठेवा, रुग्णाचं नाव न लिहिता. डेटा तुम्हाला आणता येणार नाही, पण पद्धत, प्रोग्रॅम आणि करारातली शिस्त आणता येईल. बार्शीची नोंदणी आणि या योजनेचे क्लेम एकाच प्रश्नासाठी शेजारी ठेवायची वेळ येईल तेव्हा ती वही लागेल.

तूर्त एक पान लिहून पाठवा : एक कॅन्सर, एक स्टेज, एक उपचार, किती महिन्यांत. माझ्या शुक्रवारी रात्री तुमच्याकडे शनिवारची सकाळ असते. तेव्हा फोन करा, ओळीओळीने बघू.