दारूला शिवत नाही, मग एसजीपीटी का वाढलं?

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत काम करणारे चाळिशीचे एक सुपरवायझर पत्नीला घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कंपनीच्या वार्षिक तपासणीत यकृताची दोन एन्झाइम्स वाढलेली निघाली होती, एसजीपीटी ९४ आणि एसजीओटी ५६. रिपोर्ट घरी वाचला गेला आणि सासरेबुवांनी सरळ विचारलं, "लपून पिता का?"

"मी तं दारूले हातही लावत नाही जी मॅडम. घरातले आता माह्याकडे संशयानं पाह्यतात."

हा संशय माणसाला आजाराहून जास्त पोखरतो, म्हणून मी आधी त्यांच्या पत्नीशी, वहिनींशी बोलले. ही एन्झाइम्स यकृताच्या पेशींमध्ये असतात. पेशी दुखावली की ती रक्तात उतरतात. कशानं दुखावली, हे आकडा सांगत नाही. यकृत काम किती करतंय हेही तो सांगत नाही. त्यासाठी बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) बघायचं. यांचं बिलिरुबिन ०.८, अल्ब्युमिन ४.३, दोन्ही ठीक. शिवाय दारूनं यकृत बिघडलं तर बहुधा एसजीओटी जास्त असतं, पुष्कळदा एसजीपीटीच्या दुप्पट. इथे उलटं होतं. एवढ्यावरून निवाडा होत नाही, पण सुटलेलं पोट, ८६ किलो वजन आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ हे सगळं चरबीकडे बोट दाखवत होतं. पुढे सोनोग्राफीत फॅटी लिव्हरच दिसलं. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह आले.

रिपोर्ट आल्यापासून घरात काय बदललं, हे मी नेहमी विचारते. वहिनींनी कावीळ समजून वरणातली हळद बंद केली होती, फोडणीही. आणि ड्यूटीवरून येताना हे रोज रसवंतीवर थांबून दोन मोठे ग्लास उसाचा रस पीत होते, "लिव्हर साफ होते" म्हणून! मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला रोज एवढी साखर म्हणजे यकृतात आणखी चरबी. सोबत शेजाऱ्यांनी दिलेलं गुळवेलीचं चूर्ण. कोरोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याची नोंद डॉक्टरांनी केली आहे. त्यामुळे चूर्णाचा डबा घेऊनच डॉक्टरांकडे जा, असं मी बजावलं. तिथे ते बंद झालं. वय, दोन्ही एन्झाइम्स आणि प्लेटलेट्स यांवरून काढतात तो फिब-४ स्कोअर कमी आला, म्हणजे यकृत कडक होण्याची धास्ती सध्या तरी नव्हती.

औषधापेक्षा इथे वजन महत्त्वाचं. ७ ते १० टक्के, म्हणजे यांचे सहा ते साडेआठ किलो, तेही हळूहळू. उपाशी राहून नव्हे. रस सुटला, अंबाझरी तलावावर सकाळचं फिरणं सुरू झालं, वहिनीही सोबत जाऊ लागल्या. तीन महिन्यांनी वजन चार किलोनं उतरलं, एसजीपीटी ६१. "अजून नॉर्मल नाही," म्हणून ते हिरमुसले. मी म्हटलं, भाऊ, आकडा उतरतोय, आज एवढं पुरे.

मात्र डोळे पिवळे, लघवी गडद, पोटात पाणी, रक्ताची उलटी, गुंगी किंवा हजारांच्या घरातलं एसजीपीटी, यांतलं काहीही असेल तर समुपदेशनाची वेळ घेत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.